लोहाऱ्याच्या घराचा इसार

यवतमाळकरांनो, लोहाऱ्यातल्या घरासाठी पुतण्यानं दोन लाख इसार दिला होता. खरा हिशोब लावला तर त्याच्या दोन हंगामांचा कापूस. बँकेचं कर्ज लांबलं, खरेदीची मुदत उलटली आणि घरमालक म्हणाला, "इसार बुडाला."

आज आम्ही दोघं त्याच्या ओसरीवर बसलो होतो. आतून मालकीणबाई फोनवर म्हणाल्या, "भावजी, तुमच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. सहा महिन्यांपासून विनवून राह्यली मी."

मी हळूच विचारलं, "भाऊ, तुमच्या भावाचीच सही नव्हती, तर तुम्ही मुदतीत विक्री कशी करून देणार होते? मंग इसार आमचा कायले बुडते?"

मालक हसला. "काकाजी, कान लय तेज आहेत तुमचे." चेकबुक निघालं.

बाहेर येऊन पुतण्याले म्हटलं, "पाह्य, अर्ध्या तासात दोन लाख सोडवले तुह्या काकानं."

तुम्ही इसार देताना सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या पाहता का?

चेकवर तारीख पुढच्या महिन्याची आहे.