काचेच्या खोलीतली भिंगरी

बुटांच्या कारखान्यात तिला सगळे भिंगरी म्हणत. सव्वीस वर्षं तिने एकच काम केलं: डाव्या बुटाच्या चामड्याला उजव्याचं चामडं जुळवायचं. तपकिरी म्हणजे तपकिरी, असं आपण म्हणतो. भिंगरीला त्यात अठरा तपकिरी दिसत. विजोड जोडी हाताखालून गेली, तर त्या दिवशी तिला घास गोड लागत नसे.

अशा बाईला साहेबांनी बक्षीस काय दिलं? तर तिला त्या टेबलावरूनच उठवलं. वर काचेची खोली, फिरती खुर्ची, आणि काम म्हणजे खालच्या चाळीस जणांचा उत्साह वाढवायचा. दर महिन्याला बिननावाचे फॉर्म वाटायचे, गोळा करायचे, वाचायचे. नवरा दिसेल त्याला सांगत सुटला, "आमची ही आता साहेबीण झाली!" साहेबिणीचा मात्र जीव रमेना. खुर्ची फिरवून झाली, पेन्सिलींना टोकं काढून झाली, काच पुसून पुसून झिजायची बाकी राहिली. रिकामे हात तिला खायला उठले.

मग दुपारच्या सुट्टीत, सगळे जेवायला गेले की, ती गुपचूप खाली उतरू लागली. तिच्या जागी बसवलेल्या नव्या बाईच्या जोड्या सोडून पाही, चुकलेल्या बदली, पुन्हा बांधून ठेवी. तेवढी वीस मिनिटं तिला माणसात आल्यासारखं वाटे. यात कुणाचं काही बिघडत असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

महिनाअखेरीस फॉर्म आले. 'तुमच्या कामावर विश्वास ठेवला जातो का?' या प्रश्नापुढे एकोणचाळीस जणांनी मुकाट्याने 'हो' लिहिलं होतं. एकावर होतं, 'दुपारच्या सुट्टीपर्यंत.'

भिंगरी तडक जिना उतरून नव्या बाईच्या टेबलाशी गेली.

"तुला ठाऊक होतं?"

"ताई, मी बांधलेली गाठ मला ओळखू येत नाही होय?" नवी बाई मान वर न करता म्हणाली. "चुकतं माझं, कबूल. पण तुम्ही सांगत नाही, नुसतं बदलून जाता. मग सकाळी उठून यायचं तरी कशाला, असं होतं."

भिंगरी शरमेने अर्धी झाली. "उद्यापासून नाही येणार," ती कशीबशी म्हणाली.

"या की. पण मी असताना या."

टेबलावर एक जोडी पडली होती, साफ विजोड. भिंगरीचा हात उजव्या बुटाकडे निघाला. तिने तो मागे घेतला आणि नुसतं म्हणाली, "ही बघ जरा."

नव्या बाईने जोडी उजेडात धरली. बराच वेळ पाहिलं आणि डावा बदलला. भिंगरीने उजवा बदलला असता. पण हा डावा जास्त जुळत होता, हे तिला बघताक्षणी कळलं. तिला बरं वाटलं, आणि वाईटही.

"छान लावलीस," ती म्हणाली. तिथे आता तिचं काही काम उरलं नव्हतं, पण पाय काही जिन्याकडे वळेनात.