एका मुलीसाठी एक बाटली

आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर एक आई नऊ महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या वाडीत गोवर पसरला होता.

"सिस्टर, टोचा की हिला."

"आणखी पोरं येऊ देत गं. एका बाटलीत पाच जणांची लस असते. फोडली की काही तासांत संपवायची, नाहीतर उरलेली वाया. वर जाब मला द्यावा लागतो."

श्रीमंत देशांत एका मुलासाठीही बाटली उघडतात. कोरोनाच्या महासाथीत त्यांनी गरजेहून कितीतरी जास्त लस साठवली, मुदत संपल्यावर फेकली, आणि जाब कुणी मागितला नाही. काटकसर मात्र या ओट्याला शिकवली जाते. हा तुटवडा आभाळातून पडलेला नाही. ती माणसांनी केलेली वाटणी आहे आणि माणसंच ती मोडतील, याबद्दल मला शंका नाही.

आई उठली आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडली, "ए सुमे, पोराला आण! झोपलंय तर झोपलेलं आण!"

पोराला खांद्यावर टाकून सुमी तेवढी आली. सिस्टरने रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं आणि बाटली फोडली.

"उरेल ते उरू दे," ती म्हणाली. "हिचा हात धर घट्ट."