कौटुंबिक कारण

दुसऱ्या गावच्या एका शाळेने मला मुख्याध्यापिकेची जागा देऊ केली. त्या पत्राची प्रिंट आईने देव्हाऱ्यात ठेवली, कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं. आज चौथा दिवस. येणार की नाही, ते लेखी कळवायचं आहे.

होकार दोन ओळींत लिहून होतो. नकाराला मात्र आभार, खेद, शुभेच्छा असा सगळा मानपान लागतो. दोनदा खोडून शेवटी मीही तेच लिहिलं, जे सगळे लिहितात : ‘काही कौटुंबिक कारणामुळे रुजू होऊ शकत नाही.’ किती फायलींमध्ये हे दोन शब्द पडून असतील! वाचणारा पुढच्या नावाकडे वळतो. त्या शब्दांमागे कोण बसलंय, ते कुणी विचारत नाही. बरंच आहे म्हणा. सांगायचंही त्राण नसतं.

माझं कौटुंबिक कारण समोर चटईवर मेथी निवडत बसलं होतं. पानं कचऱ्यात टाकत होतं आणि देठं परातीत जपून ठेवत होतं.

आईने मान वर केली. “लिहिलंस का गं उत्तर?”

“लिहिलं, आई.”

“मग देवापुढे साखर ठेव.”

मी उठले आणि साखर ठेवली.