पियानोची पानं

आधी त्या पियानोवाल्या बाईचं सांगते, मंग माझ्या फजितीचं. सत्तरीची बाई, जर्मनीतल्या या छोट्या गावात समूहगायनाच्या तालमीला पियानो वाजवते. तिला मराठी येत नाही, मला जर्मन. इंग्रजी दोघींचं सारखंच मोडकं, म्हणून आमचं बराबर जमलं. ती नसती तर मी दुसऱ्याच महिन्यात टेंभुर्णीला परतले असते.

माझी शाळा सातवीत सुटली. विहारात आमचं बारा बायकांचं गायन पथक आहे. मी ओळ गाऊन सोडते, बाकीच्या तीच उचलून गातात. तेवढ्यावर मला चार महिने इथं शिकायला बोलावलं. शेवटच्या कार्यक्रमात इथल्या चाळीस जणांकडून माझं एक गाणं गाऊन घ्यायचं ठरलं होतं. पण तालीम घेणाऱ्या सरांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, "सुरांच्या खुणांचा कागद वाचता आला नाही, तर स्टेज नाही."

कागदाचं एक वेळ समजू शकते. माझी खोड त्याहून वाईट. आमच्याकडं एकीची ओळ मागच्यांनी न उचलता लोंबकळत ठेवणं म्हणजे तिला उघडं पाडणं. इथं एक पोरगी जीव ओतून एकटीच गायची, अन् तिची ओळ संपली की माझ्या तोंडातून तीच ओळ बाहेर! सर पेन्सिल आपटायचे. "पुन्हा." मी पुन्हा उचलायची. एका तालमीत पाच वेळा. ओठ दाताखाली धरले तरी घशातून हुंकार निघायचाच. चाळीस माणसं बघायची, पण हसायची न्हाईत मेली. हसली असती तर बरं वाटलं असतं.

फोनवर नवरा म्हणाला, "मंग नको उचलू ना! तेवढंच तर सांगून राह्यलेत."

"मी हाक मारल्यावर तुम्ही ओ न देता बसून दाखवा बरं."

"ते तर मी रोजच करतो."

काय बोलावं या माणसाशी!

दुसऱ्या दिवशी पियानोवाल्या बाईनं मला हाताला धरून शेजारी उभं केलं. काम काय, तर तिच्या वहीची पानं उलटायची. त्यात गायला फुरसतच नसते. पहिल्या दिवशी मी दोन पानं एकदम उलटली. ती वाजवत राहिली, पण जे पुटपुटली ते भाषा न येताही कळलं. तालमीनंतर रोज अर्धा तास थांबून ती बोटानं एकेक टिंब दाखवायची. महिन्याभरात तिनं मान हलवायच्या आत माझं पान उलटलेलं असायचं.

मग सरांनी परीक्षा घेतली. पुढ्यात टाकलेला कागद मी अडखळत का होईना, गाऊन दाखवला. "ठीक. आता तुझं गाणं. आज बसलं तरच कार्यक्रमात."

मी पहिली ओळ सोडली, हात पुढं केला. चाळीस माणसं अदबीनं ऐकत उभी! आठवडाभर घसा फोडून समजावलं होतं, तरी कुणी उचलेना.

तेवढ्यात पियानोमागून एक फाटका, घोगरा आवाज आला. तीच. बेसूर म्हणून लहानपणी घरच्यांनी गप्प बसवलेलं, तेव्हापासून चारचौघांत कधी गायली नव्हती; तिनंच सांगितलं होतं मला. शब्द भलतेच, सूर खाली, पण ओळ उचलली तिनं. मग तिच्यामागून सगळे.

गाणं कार्यक्रमात राहिलं.

तिला टेंभुर्णीला यायचंय. येईल तेव्हा विहारात पहिली ओळ तिनं सोडायची. सूर कुठलाही लागो, आम्ही बाराजणी ती उचलू. हे मी तिला कबूल केलंय, अन् आमच्या बायकांनाही फोनवरून बजावून ठेवलंय.