बंद खोलीच्या सफाईचा अंदाज

मंडळी, जीव थाऱ्यावर नाही.

मी आणि शेजारच्या रशीदाबीनं घरं साफ करून द्यायचं काम नव्यानं धरलंय. आज माळीवाड्यातलं एक घर बघून खर्चाचा अंदाज द्यायला गेलो होतो.

मधली खोली बंद होती. रशीदाबीनं विचारलं, तसे मालक हळूच म्हणाले, "सून गेली तिथं. क्षय झाल्ता. बाहेर बोलू नका, नवे भाडेकरू लेकरंवाले हायेत."

मी म्हटलं, "अंथरूण जाळा, चुना लावा आणि त्यांना सांगा. मगच अंदाज देते."

"तुमी झाडायचं तेवढं बघा."

आम्ही तशाच परतलो. पण मालकांना झाडायला दुसरं कुणीतरी मिळेलच. लढाईमुळं शहरात माणसं लोटलीत, घरं मिळेनात, येणारे तरी कशाला चौकशी करतील?

माळीवाड्यात बिऱ्हाड हलवणारं कुणी तुमच्या ओळखीचं आहे का? असेल तर आजच गाठा त्यांना.