गुडविल घरात सापडलं नाही

लातूर नवा जिल्हा झाला आणि तिथल्या साहेबलोकांच्या सफारी आपणच शिवायच्या, असं आमच्या अण्णांच्या मनानं घेतलं. अहमदपुरात दुष्काळानं लग्नं पुढं ढकललेली. शिवणकाम म्हणजे नुसती ठिगळं. स्टँडजवळचं आमचं दुकान घ्यायला देगलूरचा एक जवान टेलर तयार झाला. त्याची सासुरवाडी आमच्याच गावातली. हा सौदा जमला तरच लातूरला दुकानाची जागा घ्यायला पैसा हाती येणार होता.

"मशीन, कातरी, कपाट समदं घेतो मास्टर," तो म्हणाला, "पन गुडविल बी द्यायला पाहिजे."

"देतो की!" अण्णा ऐटीत म्हणाले. घरी येऊन मला हळूच विचारलं, "ते आपल्याकडं हाय का रं?"

मी कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला. घरात माझ्याएवढं शहाणं कुणी नाही, अशी निदान माझी तरी खात्री होती. म्हटलं, "अण्णा, गुडविल म्हणजे दुकानाचं नाव, गिऱ्हाइकाचा भरवसा. ते दिसत नाही, हाताला लागत नाही. भाववाचक नाम असतंय ते."

"मग भाव सांग की त्याचा."

आई भाकरी थापता थापता हसत सुटली. मी व्याकरण समजावायला बसलो; अण्णांना तोवर झोप लागली.

मला मात्र कोडं पडलं. आपण शब्द देतो, तो खाली पडू देत नाही. मन मोडतो, नाव कमावतो, अब्रू घालवतो. देणारा देतो, घेणारा घेतो. पण मधल्या मधे ते असतं कुठं?

सकाळी अण्णा टेलरला म्हणाले, "गुडविल घरात न्हाई सापडलं. दुकानातच असंल. चार दिवस माझ्या खुर्चीवर बस."

तो बसला. गिऱ्हाईक यायचं, त्याच्याकडं बघायचं आणि अण्णांपुढं जाऊन उभं राहायचं. "मास्टर, माप तुम्हीच घ्या."

शेवटी टेलरचं तोंड उतरलं. "मास्टर, गुडविल तर तुमच्यासंगंच लातूरला चाललंय. नुसती मशीन घिऊन काय करू मी?"

 दुकान भरलेलं असतानाच अण्णा उठले आणि त्याच्यापुढं हात फाकवून उभे राहिले. "घे माझं माप. शर्ट शिव."

कळत्या वयापासून अण्णांनी दुसऱ्याच्या हातचा कपडा घातला नव्हता. बाकावरचे म्हातारे गुरुजी म्हणाले, "मास्टर, सासुरवाडीला चाललाव काय?" अण्णा हसले नाहीत. टेलरनं टेप त्यांच्या खांद्याला लावली.

शर्ट झाला. तो घालून अण्णा दुकानात उभे राहिले. गुरुजींनी चष्मा वर करून कॉलर चिमटीत धरली, खांद्याची शिवण दाबून बघितली. मी दारात टक लावून उभा. ते गुडविल इकडून तिकडं जाताना दिसलं तर दिसलं. गुरुजींनी पिशवीतून कापड काढलं आणि टेलरपुढं ठेवलं. सवयीनं अण्णांचा हात पुढं आला, मधेच थांबला आणि नव्या शर्टाची बटणं चाचपत राहिला.