फिरत्या मॅडम आणि चिखल्याचं जनुक

कॉलेजात नवा विषय आला की आधी पोटात गोळा येतो तो प्राध्यापकांच्या. मुलं बिचारी काहीही शिकायला तयार असतात. तो गोळा घालवणं हाच फिरत्या मॅडमचा पेशा. एखाद्या सजीवाचा अख्खा डीएनए वाचून त्यातून अर्थ काढायचा, हे शास्त्र म्हणजे जीनोमिक्स; ते वर्गात कसं शिकवावं, हे त्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवत. आज या कॉलेजात, उद्या त्या, म्हणून हे नाव. नवरा म्हणायचा, "मास्तर लोकांना गप्प बसवून ऐकायला लावतेस, तुला पदकच द्यायला हवं."

त्यांचा एक हट्ट होता. दुसऱ्याच्या माउसला हात लावायचा नाही. समोरचा कितीही चाचपडो, या आपल्या हाताची घडी घालून उभ्या. "चूक तुमच्या हातून झाली तरच ती तुमच्या लक्षात राहील," म्हणायच्या. प्राध्यापक मनातल्या मनात दातओठ खायचे.

यंदा त्यांच्या वाट्याला आले होते प्राणिशास्त्राचे सर. मोठा गोड माणूस. फळ्यावर अशा आकृत्या काढायचे की पुसायच्या आधी मुलं फोटो घ्यायची. पण कॉम्प्युटरसमोर बसले की तोंडचं पाणी पळायचं. त्यातून प्राचार्यांनी बजावलेलं, विभागात दुसरं कोणी नाही. सरांनी घेतला तर विषय चालेल, नाहीतर बंद. सुट्टीभर सर मॅडमकडे शिकले, आणि पहिल्या तासाच्या आदल्या दिवशी त्यांनी अवसान गाळलं.

"वर्ग तुम्हीच घ्या मॅडम. मी मागे बसतो. पोरांसमोर हसं झालं ना, तर या वयात मला ते झेपायचं नाही."

मॅडमना फार वाईट वाटलं. तास घेणं त्यांच्या डाव्या हातचा मळ होता. पण आज घेतला तर कायमचा गळ्यात पडणार, आणि पुढच्या सत्रात त्या भलतीकडेच असणार. मग विषयाला कुलूप.

"मागे मी बसते, सर."

"आणि मी अडलो तर?"

"मुलांना सांगायचं, अडलो म्हणून."

"हा काय सल्ला झाला?" सर पुटपुटले, पण दुसऱ्या दिवशी आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले.

पूर्वी जिथे बेडूक कापायचे त्याच लांब टेबलांवर आता कॉम्प्युटर मांडले होते. खोलीला औषधाचा वास अजून होताच. मुलांनी कॉलेजमागच्या नळाखालच्या चिखलातून एक जिवाणू वाढवला होता. त्याचं नाव चिखल्या. बाहेरच्या प्रयोगशाळेतून त्याचा डीएनए वाचून आला होता, आणि प्रोग्रामने त्यात एका ठिकाणी जनुक असल्याचं सांगितलं होतं. ते खरं की खोटं, हे तपासायचं होतं. खरं जनुक सुरुवातीच्या खुणेपासून थांबण्याच्या खुणेपर्यंत मध्ये न तुटता लांबवर चालतं.

सर डावीकडून अक्षरं वाचू लागले. चार पावलं जावीत तोच थांबण्याची खूण. पुन्हा सुरुवात, पुन्हा तीच खूण. असं तुटक जनुक असेल कसं? सरांनी मागे पाहिलं. मॅडमच्या अगदी ओठांवर उत्तर आलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या चपला बघत बसल्या.

सरांनी वर्गाकडे तोंड केलं. "पोरांनो, माझं घोडं अडलंय. कुठे चुकतंय, मला कळत नाहीये."

कोणी हसलं नाही. उलट खुर्च्या पुढे सरकल्या.

"सर, प्रोग्रामच थापा मारत असेल तर?" पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली.

"मारत असेल. पण पकडायचं कसं त्याला?" सर सवयीने फळ्याकडे वळले. अडलं की चित्र काढायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. डीएनएचे दोन धागे काढले, एकावर उजवीकडे जाणारा बाण, दुसऱ्यावर डावीकडे जाणारा. आणि खडू हातातच राहिला.

"अरे गाढवा!" ते स्वतःलाच म्हणाले. "जन्मभर हे दोन बाण काढतोय मी, आणि वाचताना एकच धागा धरून बसलोय! दुसऱ्या धाग्यावर बघा. उलट्या दिशेने!"

मग काय, सगळे मिळून मोठ्याने वाचू लागले. सुरुवातीची खूण सापडली, आणि जनुक कुठेही न तुटता शेवटपर्यंत सरळ चालत गेलं. वर्गाने असा गलका केला की शेजारच्या वर्गातून कोणीतरी डोकावून गेलं. तास संपला तरी पोरं उठेनात. चिखल्याची आणखी उलटी जनुकं शोधत बसली. सर टेबलाटेबलांमधून नुसते मिरवत होते.

शेवटी ते मॅडमकडे आले, बाह्या खडूने पांढऱ्या झालेल्या.

"पुढच्या तासाला येऊ नका तुम्ही."

मॅडमचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का, सर?"

"तसं नाही हो. तुम्ही मागे असलात की माझी मान सारखी तिकडे वळते. आता मला पोरांकडे बघायचंय."

मॅडम जिना जवळजवळ पळतच उतरल्या आणि फाटकाशी उभ्या राहून त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

"अहो, मला काढून टाकलं!"

आवाजात एवढा आनंद होता की नवऱ्याने आधी अभिनंदन केलं, आणि मग विचारलं, "कशातून?"